वृद्धांच्या वॉर्डासाठी निधी मागताना

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या परिचर्या शाळेत मी पाठ्यनिर्देशिका आहे. शाळेत येण्याआधी बरीच वर्षं वॉर्डात गेली, त्यातली काही मेडिकल वॉर्डाची परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून. वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचं प्रशिक्षण जिल्ह्यातल्या परिचारिकांना द्यायचं, त्यासाठी सरकारी निधी मागायचा आणि मिळाला की वेळेत, नियमात बसवून खर्च करायचा, हे काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या मैत्रिणी फोन करून विचारतात आणि फोनवर प्रत्येकीला अर्धवटच सांगून होतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

आधी पैसा कुठून येतो ते. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम, ज्याला आम्ही सगळे एनपीएचसीई म्हणतो, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2010-11 मध्ये सुरू केला. पहिल्या वर्षी 30 जिल्हे, दुसऱ्या वर्षी आणखी 70, असे 21 राज्यांतले 100 जिल्हे सुरुवातीला घेतले आणि मग तो पसरत गेला. जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा जेरियाट्रिक, म्हणजे वृद्धांचा, वॉर्ड आणि ज्येष्ठांची वेगळी ओपीडी, सामुदायिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोनदा क्लिनिक, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा, अशी त्याची रचना. वरच्या पातळीवर आठ वैद्यकीय महाविद्यालयांत 30 खाटांची प्रादेशिक केंद्रं ठरली. महाराष्ट्रातलं केंद्र म्हणजे मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय. जिल्ह्यापर्यंतचा पैसा आता राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, असंसर्गजन्य आजारांच्या एकत्रित निधीतून येतो. त्यात केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40. परिचारिकांचं प्रशिक्षण याच निधीत ‘कपॅसिटी बिल्डिंग’च्या शीर्षाखाली बसतं.

म्हणजे कुठेतरी अर्ज भरला आणि अनुदान मंजूर झालं, असा सरळ रस्ता इथे नाही. जिल्ह्याने मागणी पीआयपीत, म्हणजे कार्यक्रम अंमलबजावणीच्या आराखड्यात, घालायची, जिल्ह्याची पीआयपी राज्याकडे जाते, राज्याची दिल्लीला, तिथे चर्चा होते आणि मग मंजुरीचा कागद, म्हणजे आरओपी, खाली येतो. 2022-24 पासून पीआयपी दोन वर्षांची झाली. त्यामुळे आपल्या मागणीची ओळ तिच्यात राहून गेली तर दोन वर्षं हात चोळत बसायचं. पूरक पीआयपीची सोय असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. आमची मागणी 2024-26 च्या पीआयपीत गेली.

मागणी करायची तर गरज दाखवावी लागते. ‘वृद्धांची संख्या वाढते आहे’ एवढ्याने कोणी पैसे देत नाही, आणि ते योग्यच आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले 60 वर्षांवरचे लोक 9.9 टक्के होते, हा आकडा प्रत्येक जिल्ह्याच्या प्रस्तावात पहिल्या परिच्छेदात असतो. मी वॉर्डातून सुरुवात केली. 60 वर्षांवरच्या रुग्णांचे केसपेपर काढून बसले आणि परिचारिकेने काय नोंदवलं आहे तेवढंच पाहिलं. ताप, नाडी आणि श्वासाचे टीपीआर चार्ट नीट होते, इंजेक्शनच्या वेळा नीट होत्या. पडण्याचा धोका किती, कातडीची अवस्था कशी, रुग्ण स्वतः उठून संडासला जाऊ शकतो का, घरी कोण आहे, किती गोळ्या आधीपासून चालू आहेत, चष्मा किंवा कानाचं यंत्र बरोबर आणलं आहे का, याची नोंद नव्हती. त्यात मुलींचा दोष नाही. जीएनएम या परिचर्या पदविकेच्या अभ्यासक्रमात वृद्धसेवा हा मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमधला एक घटक असतो. परीक्षेपुरता तो वाचला जातो आणि नंतर तरुण रुग्णाला जे करायचं तेच म्हाताऱ्या रुग्णाला केलं जातं. भारतीय परिचर्या परिषदेची जेरियाट्रिक नर्सिंगची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका आहे, पण जिल्ह्यातली कोण परिचारिका वर्षभर ड्यूटी सोडून ती करायला जाणार?

मग मी परिचारिकांनाच विचारलं, कागदावर, नाव न लिहिता: म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तुम्हाला सगळ्यात जास्त अडचण कुठे येते? उत्तरं वाचून मला प्रस्ताव कसा लिहायचा ते उमगलं. ‘रात्री ओरडतात, सलाईन उपटतात, काय करावं कळत नाही.’ ‘बेडसोर घेऊनच येतात आणि नातेवाईक म्हणतात इथे झाला.’ ‘ऐकू येत नाही, मोठ्याने बोललं की चिडलो असं वाटतं.’ ‘भरवताना ठसका लागतो, भीती वाटते.’ एकीने लिहिलं होतं, ‘डिस्चार्ज झाल्यावर नेणारं कोणी येत नाही.’ हे सगळं मी प्रस्तावात जसंच्या तसं घातलं. जिल्हा शल्यचिकित्सक सरांनी वाचून फक्त एवढंच म्हटलं, “ही पानं कमी करू नका.”

प्रस्तावाचा दुसरा वाचक म्हणजे जिल्हा लेखा व्यवस्थापक. त्यांच्याशी बसल्याशिवाय प्रस्ताव पाठवू नये, हे मी प्रत्येकीला सांगते. ते प्रत्येक रकमेवर बोट ठेवून विचारत होते, “मॅडम, ही कुठल्या ओळीत टाकायची?” मानधन, प्रवासभत्ता, चहा-जेवण, छपाई, सगळ्याचे दर ठरलेले असतात आणि त्या दरात बसेल तेवढंच मागायचं असतं. मला सरावासाठी एक पूर्ण उंचीचा पुतळा हवा होता, एक जादा एअर मॅट्रेस हवी होती. ती प्रशिक्षणाच्या ओळीत बसत नाहीत, साहित्याच्या ओळीत जातात, आणि साहित्याची ओळ आधीच दुसऱ्या गोष्टींनी भरलेली होती. पुतळा परिचर्या शाळेतला वापरायचं ठरलं. मॅट्रेस वॉर्डातलीच. त्यांनी एक गोष्ट मात्र मोलाची सुचवली: प्रशिक्षणार्थींची संख्या बॅचमध्ये मांडा, एका बॅचला 30, आणि दर बॅचमागचा खर्च दाखवा. वरून कात्री लागली तर बॅच कमी होतील, पण उरलेल्या बॅचचा दर्जा कमी होणार नाही. तसंच झालं. मागितल्या त्यापेक्षा कमी बॅच मंजूर झाल्या, पण जेवढ्या मिळाल्या तेवढ्या पूर्ण पैशात मिळाल्या.

मंजुरी आली म्हणजे पैसे आले असं नसतं. पूर्वी रक्कम जिल्ह्याच्या खात्यात यायची. 2021 पासून सिंगल नोडल एजन्सीची पद्धत आली. मूळ खातं राज्याचं, जिल्ह्याचं खातं शून्य शिलकीचं, आणि जिल्ह्याला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. प्रत्येक देयक पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून थेट ज्याच्या त्याच्या खात्यात जातं. यात एक चांगलं आहे, पैसा मध्ये कुठे पडून राहत नाही. पण ती मर्यादा येईपर्यंत आर्थिक वर्षाचा बराच भाग सरलेला असतो, आणि 31 मार्चच्या आत सगळं संपवायचं असतं. त्या मधल्या काळात आम्ही बसून राहिलो नाही. साहित्य मराठीत तयार केलं, वक्ते ठरवले, आणि सीएनईचे, म्हणजे परिचारिकांच्या निरंतर शिक्षणाचे, गुण मिळावेत म्हणून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडचा पत्रव्यवहार पूर्ण केला. हे शेवटचं कोणी विसरू नये. नोंदणी नूतनीकरणाला हे गुण लागतात, आणि ते मिळणार म्हटल्यावर परिचारिका स्वतःहून नाव देतात.

नाव देतात, पण त्यांना सोडणार कोण? सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात अवघड जागा ही होती. प्रस्तावात परिचारिकेच्या प्रवासाचे पैसे आहेत, जेवणाचे आहेत, पण ती प्रशिक्षणाला बसल्यावर तिच्या जागी वॉर्डात कोण उभं राहील याचा एक पैसाही नाही. परिसेविका माझ्याच जुन्या मैत्रिणी. त्यातली एक सरळ म्हणाली, “ताई, दोघी दिल्या तर नाइटला मी एकटी काय करू?” तिचं खरं होतं. रिकामी पदं, बाळंतपणाच्या रजा, त्यात व्हीआयपी दौऱ्याची ड्यूटी. अधिसेविका, म्हणजे मेट्रन, मॅडमनी मग स्वतः बसून तक्ता केला. एका वॉर्डातून एका बॅचला एकच परिचारिका. नाइट करून आलेली कोणीही वर्गात बसणार नाही. आणि ग्रामीण रुग्णालयांतून येणाऱ्यांच्या तारखा तिथल्या कॅम्पांशी आदळणार नाहीत. काही वैद्यकीय अधीक्षकांनी ऐन वेळी नावं बदलली, ज्येष्ठांशी ज्यांचा संबंधच येत नाही अशा लेबर रूमच्या मुली पाठवल्या. त्यांनाही शिकवलं, पण ज्या बॅचमध्ये असं झालं ती बॅच मनाला लागून राहिली.

प्रशिक्षणाबद्दल मात्र मनापासून लिहावंसं वाटतं.

पहिल्या सत्रात व्याख्यान ठेवलं नाही. प्रत्येकीच्या मोज्यांत तुरीचे दाणे घातले, चष्म्यांच्या काचांवर व्हॅसलीन फासलं, कानात कापसाचे बोळे, हातात दोन-दोन रबरी ग्लोव्हज आणि दोन बोटं चिकटपट्टीने बांधलेली. आणि कामं दिली: गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचा, पाकिटातून एक गोळी काढा, केसपेपर घेऊन खिडकी क्रमांक 4 शोधा, वॉर्डाच्या संडासात जाऊन परत या. पहिली पाच मिनिटं हसण्यात गेली. मग आवाज कमी होत गेला. गोळी खाली पडली की ती दिसत नव्हती. ओल्या फरशीवर दाणे टोचत होते, आणि संडासात धरायला काही नव्हतं. परत आल्यावर एका ब्रदरने टेप मागून घेतली आणि खाटेची उंची मोजायला लागला. पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून आपण खाटेला लोखंडी पायरी लावतो, आणि रात्री अंधारात म्हातारं माणूस त्याच पायरीवरून घसरतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात रात्री पायरी खाटेखाली सरकवून ठेवतात आणि खाट सगळ्यात खालच्या उंचीवर आणतात. यासाठी निधी लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सराव ओपीडीच्या बोळात. जमिनीवर तीन मीटरवर पट्टी चिकटवली, इकडे हातांची खुर्ची. रुग्णाने खुर्चीतून उठायचं, पट्टीपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. परिचारिकेने घड्याळ लावायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरायचं. गुडघेदुखीसाठी आलेले एक आजोबा होते, धोतर, डोक्याला पटका. “कशाला चालवता पोरी, मी रोज शेतात चालतो की,” म्हणाले. गेले तसे झपझप, पण वळताना सात-आठ बारीक पावलं टाकली आणि हात भिंतीकडे गेला. वेळ जास्त लागला. आता पुढचा भाग: त्यांना झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घेतलं. वरचं बीपी 20 पेक्षा जास्त उतरलं. “उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येती का, बाबा?” परिचारिकेने विचारलं. “येती की. म्हातारपण हाय.” त्यांच्या पिशवीत बीपीच्या गोळ्या होत्या आणि लघवीसाठी दुसऱ्या दवाखान्यातून घेतलेली टॅमसुलोसिन होती. दोन्ही सकाळी, बरोबरच घेत होते. तिने पिशवीसकट त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या, एक डोस कमी केला. हे आजोबा उद्या बांधावर पडले असते, खुब्याचं हाड मोडलं असतं, आणि त्याला सगळ्यांनी म्हातारपणच म्हटलं असतं. झोपून आणि उभं राहून बीपी घेणं हे परिचारिकेचं काम आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. त्या बॅचमधल्या कोणीही ते पुन्हा विसरलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही डिलिरियमला, म्हणजे आजारपणात अचानक होणाऱ्या मेंदूच्या गोंधळाला, दिला, कारण कागदावरच्या उत्तरांत तेच सगळ्यात वर होतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आजी ओरडायला लागते, सुईण बोलावा म्हणते, मेलेल्या नवऱ्याशी बोलते. नातेवाईक म्हणतात, बाहेरचं झालंय. वॉर्डात हात बांधले जातात, नाहीतर झोप यावी म्हणून ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं जातं, आणि त्या इंजेक्शनाने म्हाताऱ्या मेंदूचा गोंधळ वाढतो. प्रशिक्षणात आम्ही क्रम पक्का करून घेतला: हे अचानक सुरू झालं का, दिवसात कमीजास्त होतं का, लक्ष टिकतं का, आणि मग कारण शोधायचं. लघवी तुंबली आहे का. पोट साफ होऊन किती दिवस झाले. ताप नसला तरी छातीत संसर्ग आहे का, कारण म्हाताऱ्या माणसात न्यूमोनियाला ताप येईलच असं नाही. पाणी किती गेलं. दुखतंय का. चष्मा घरी राहिला का.

लक्ष तपासायच्या पद्धतीवर आम्हाला बराच विचार करावा लागला. मूळ इंग्रजी साहित्यात महिने उलटे म्हणायला सांगतात, डिसेंबर, नोव्हेंबर असे. आमच्याकडच्या आजीला ते कसे यावेत? पण चैत्र-वैशाख तिला पाठ आहेत. “आजी, फाल्गुनापासून मागं मागं सांगा,” म्हटलं की शुद्धीवर असलेली आजी माघ, पौष करत मार्गशीर्षापर्यंत सहज जाते. ज्यांना तेही येत नाहीत त्यांना वार उलटे. वय विचारायचं तर जन्मसाल विचारून उपयोग नाही. 72 च्या दुष्काळात लग्न झालं होतं का, किल्लारीच्या भूकंपात नातवंडं किती मोठी होती, असं विचारलं की वयही कळतं आणि जुनी आठवण शाबूत आहे का तेही कळतं. घड्याळाचं चित्र काढायला लावणारी चाचणी आम्ही बाजूलाच ठेवली, कारण ज्या बाईने आयुष्यात पेन धरलं नाही तिला त्यात नापास करणं हा अन्याय आहे. असं काम आपल्या देशात आधी झालेलं आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण, न शिकलेल्या वृद्धांसाठी 1990 च्या दशकात हिंदीत चाचणी तयार केली गेली, कारण इंग्रजीतल्या चाचणीत माणूस त्याच्या शाळेमुळे नापास होत होता. मराठीतही अशा चाचण्या प्रत्येक वॉर्डात टांगलेल्या असायला हव्यात. प्रशिक्षणाच्या निधीत छपाईची जी छोटी रक्कम असते ती आम्ही यावर खर्च केली: तपासणीचं एक मराठी पान, मोठ्या अक्षरात, प्रत्येक केसपेपरला लावता येईल असं.

वॉर्डातल्या मावशी आणि मामांना बोलवायला निधीत जागा नव्हती. ही मोठी उणीव आहे. म्हाताऱ्या माणसाला उचलतं कोण, कूस बदलतं कोण, बेडपॅन देतं कोण? दर दोन तासांनी कूस बदला हे परिचारिकेला शिकवायचं आणि प्रत्यक्षात ज्यांचे हात लागतात त्यांना शिकवायचं नाही, हे मला पटत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर तासभर आम्ही त्यांच्यासाठी वेगळा ठेवला, मानधनाशिवाय, चहावर. एका मावशींनी चादरीवरून ओढण्याऐवजी दोघांनी चादरीसकट उचलायचं एकदा करून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, यात माझी कंबरपण वाचते.”

मग हिशेब. यात गमावण्यासारखं काही नाही, पण वेळ फार जातो, म्हणून सांगते. भत्ता थेट खात्यात जायचा असतो, त्यासाठी पासबुकाची प्रत लागते. आमच्या निम्म्याहून अधिक परिचारिकांचं नोंदणीवरचं नाव माहेरचं, बँकेतलं सासरचं, आणि हजेरीपटावर जे सुचेल ते. नाव जुळलं नाही की देयक परत येतं, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात परत आलेलं देयक म्हणजे गेलेले पैसे. हजेरीचा पहिला कागद फिरतानाच बँकेतलं नाव जसंच्या तसं लिहून घ्या आणि पासबुकाची प्रत त्याच दिवशी जमा करा. खर्चाचा तपशील दर महिन्याला एसओईत, म्हणजे खर्चाच्या विवरणपत्रात, जातो, शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. प्रशिक्षणाआधीची आणि नंतरची चाचणी, फोटो, सहीचे कागद, सगळं एका फाईलमध्ये ठेवलं की लेखापरीक्षणात कोणी त्रास देत नाही.

मध्ये एका वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांनी विचारलं, की तुम्हाला मिळतं तसं अनुदान आमच्या मुलींना मिळेल का. त्यांच्यासाठी रस्ता वेगळा आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची अटल वयो अभ्युदय योजना आहे, तिच्यात वृद्धांची काळजी घेणाऱ्या काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि त्या मंत्रालयाची राष्ट्रीय समाज रक्षा संस्था, म्हणजे एनआयएसडी, असे अभ्यासक्रम बऱ्याच वर्षांपासून चालवते. संस्थेला नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी लागते, अर्ज ई-अनुदान पोर्टलवर. नोंदणीकृत परिचारिका आणि काळजीवाहक यांच्या कामात फरक आहे, दोन्हींची गरज आहे, पण एका निधीतून दुसरीचं काम होत नाही. हे आधीच समजलं तर फुकटची धावपळ वाचते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. प्रशिक्षण झालं, चाचण्यांचे गुण चांगले आले, जेरियाट्रिक वॉर्डात तीन-चार महिने कामात फरक दिसत होता. कातडीची नोंद होत होती, उभं राहून बीपी घेतलं जात होतं, रात्री हात बांधणं जवळजवळ थांबलं होतं. आणि मग ड्यूटीची फेरपालट झाली. शिकलेली एक ओटीत, एक नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात म्हणजे एसएनसीयूत, एक अपघात विभागात. नव्या आलेल्यांना काही माहीत नव्हतं. अभियानातून कंत्राटावर असलेल्या दोघी सगळ्यात हुशार होत्या. त्यातल्या एकीला दुसऱ्या जिल्ह्यात कायम नोकरी लागली. ती गेली याचा मला आनंदच आहे, अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर कोणी किती वर्षं काढावीत? पण आमच्या वॉर्डातून ती गेली. कागदावर आमचा निधी शंभर टक्के खर्च झालेला होता आणि उद्दिष्ट पूर्ण झालेलं होतं. प्रत्यक्ष त्या 10 खाटांजवळ शिकलेली परिचारिका उभी नव्हती.

माझं म्हणणं यावर स्पष्ट आहे. प्रशिक्षणाचा निधी आणि नेमणूक एकमेकांना बांधली पाहिजे. वृद्धांच्या शुश्रूषेचं शिक्षण पुस्तकी नाही. ते डोळ्यांना आणि हातांना लागणारं वळण आहे आणि त्याला सलग काळ लागतो. एसएनसीयूत प्रशिक्षित परिचारिका हलवू नये असं आपण नवजात बाळांसाठी मानतो, कारण तिथली चूक तासाभरात दिसते. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ती चूक पंधरा दिवसांनी बेडसोर होऊन दिसते, नाहीतर घरी गेल्यावर कायमचं अंथरूण धरण्यात दिसते, म्हणून ती कोणाच्या खात्यावर लागत नाही. पण म्हातारा माणूस चालत आला आणि झोळीत गेला, तर ती आपलीच जबाबदारी आहे.

मी अधिसेविका मॅडमकडे लेखी टिप्पणी ठेवली. जेरियाट्रिक वॉर्डात दर पाळीला किमान एक प्रशिक्षित परिचारिका असावी, तिची फेरपालट किमान दोन वर्षं करू नये, आणि बदलायचीच झाली तर येणारीने जाणारीबरोबर आठवडाभर जोडीने ड्यूटी करावी. त्यांनी ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवली आणि सरांनी त्यावर कार्यालयीन आदेश काढला. दर पाळीला एक हे अजून रात्री जमत नाही, मनुष्यबळच नाही. जोडीची ड्यूटी मात्र चालू आहे, आणि माझ्या मते वर्गातल्या प्रशिक्षणाइतकंच काम तिने केलं आहे. नवी मुलगी जुनीला कूस बदलताना, भरवताना, आजीला माघ-पौष विचारताना पाहते आणि तसं करायला लागते.

2026 नंतरच्या पीआयपीसाठी आमच्या जिल्ह्याच्या मागणीत म्हणून बॅचची संख्या वाढवलेली नाही. त्याऐवजी वॉर्डातच, खाटेजवळ दिलं जाणारं प्रशिक्षण मागितलं आहे, त्यासाठी दोन अनुभवी परिचारिकांना मार्गदर्शक म्हणून मानधन, मावशी-मामांची एक बॅच, आणि प्रशिक्षणाच्या दिवशी बदली परिचारिकेची तरतूद. शेवटच्या मागणीवर लेखा व्यवस्थापकांनी परत तेच विचारलं, कुठल्या ओळीत टाकायची. ओळ नाही, म्हणून टिपणीच्या रकान्यात कारणासकट लिहिली आहे, म्हणजे राज्याच्या बैठकीत निदान वाचली जाईल. चार जिल्ह्यांतून तीच मागणी गेली तर तिची ओळ होऊ शकते. तेव्हा ज्या परिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका हे वाचत असतील त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या एनसीडी सेलमध्ये, म्हणजे असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात, जाऊन मागणीत परिचारिकांचं प्रशिक्षण आहे का ते आताच पाहावं, आणि त्याच कागदावर बदली परिचारिकेचीही मागणी लिहावी.